मागच्या हाताची चूक

धूर निघून गेला होता. वास मात्र हटत नव्हता. बांधणीचा सरस कातड्यापासूनच करतात; जळलेला सरस म्हणजे जळलेले कातडेच. त्याचा वास एकदा भिंतीला चिकटला की दिवसच्या दिवस सुटत नाही. पुस्तकबांधणीच्या कारखान्यावरच्या त्या दोन खोल्यांत, जिथे पत्नीच्या निधनानंतर बाबा एकटे राहत होते, सगळ्या खिडक्या सकाळपासून सताड उघड्या होत्या, आणि तरीही प्रत्येक जण बोलण्यापूर्वी घसा खाकरत होता. शेगडीवरच्या फळीचा कोळसा झाला होता. तिच्यावर रचून ठेवलेले रंगीत अस्तराचे कागद राख होऊन फरशीवर पसरले होते, आणि बाबांची सून गुडघ्यांवर बसून ती राख ओल्या फडक्याने टिपून घेत होती.

बाबा आतल्या खोलीत निजले होते. डॉक्टर छाती तपासून गेले होते. धूर फारसा आत गेलेला नाही, हे नशीब समजा, असे ते म्हणाले होते. उतरताना जिन्याच्या तोंडाशी थांबून त्यांनी एवढेच विचारले की, रात्री-दिवसा यांच्याजवळ कोण असते. उत्तरासाठी न थांबता ते खाली उतरून गेले.

सुट्टीचा दिवस होता. खाली कापणीचे यंत्र झाकून ठेवलेले, पुस्तके दाबून ठेवायचे शिकंजे मोकळे, गल्लीतली छापखान्यांची घरघर बंद. अशा शांततेत तो प्रश्न खोलीच्या मध्यभागी एखाद्या आगंतुकासारखा बसून राहिला होता. त्याच्याभोवती घरातली माणसे जमली होती. बाबांची थोरली मुलगी अक्का, रुग्णालयातली परिचारिका, रात्रपाळी संपवून अंगावरच्या पांढऱ्या कपड्यांनिशीच आली होती. आता कारखाना चालविणारा भाऊ, तिच्या पाठचा, खिडकीला टेकून बाहेर पाहत होता. आणि आत्या, बाबांची धाकटी बहीण, गुडघ्यांना शिव्या देत जिना चढून आली होती आणि खोलीतल्या एकुलत्या एका हातांच्या खुर्चीत न विचारता बसली होती.

भाऊच्या मनात समोरच्या कुलूपवाल्याचे एक वाक्य रुतले होते. धूर पाहून धावत वर येणारा तोच पहिला. दार त्यानेच उघडले, जळते भांडे त्यानेच चिमट्याने उचलून मोरीत टाकले. नंतर तो भाऊला बाजूला घेऊन हळूच म्हणाला होता, "घाबरलेला माणूस दाराकडे पळतो, भाऊ. तुमचे बाबा खुर्चीत बसून होते. शेगडीकडे बघत. फळी पेटली होती आणि हे हात मांडीवर ठेवून नुसते बघत होते."

हे वाक्य भाऊने अजून कोणाला सांगितले नव्हते.

"आजच घेऊन जाते मी त्यांना," अक्का म्हणाली. "दोन जोड कपडे आणि औषधं भर. बाकीचं नंतर बघू."

"कुठे नेतेस? तुझ्या त्या पाचव्या मजल्यावर?" भाऊ खिडकीकडून न वळताच म्हणाला. "तू दिवसभर झोपणार, रात्रभर रुग्णालयात. ते काय करतील तिथे?"

"जिवंत राहतील."

"जिवंत तर माझं मांजरही आहे," आत्या म्हणाली. "सोफ्यावर पडून असतं. दादाला तसं ठेवायचं असेल तर आधी विचारा त्याला."

एरवी या वाक्यावर अक्का हसली असती. आत्याच्या जिभेचे कौतुक या घरात तीन पिढ्यांनी केले होते. आज तिने फक्त डोळे मिटून घेतले. भाऊने तेवढ्या वेळात आपली बाजू मांडून टाकली. भांडे कोणाच्याही घरी उतू जाते, करपते. एका सकाळच्या विसरण्यावरून माणसाला त्याच्या घरातून उपटून काढायचे नसते. खाली कारखाना आहे, हाक मारली तर चार माणसे धावतील. आणि शेवटी, आवाज किंचित चढवून, तो म्हणाला की बाबांचा हात अजून चालतो, संध्याकाळी वर बसून ते अजून शिवतात, आणि त्यांच्यासारखी शिलाई गल्लीत दुसरा कोणी करीत नाही.

हे बोलताना त्याची बायको फरशी पुसायची थांबली, हे त्याने पाहिले नाही.

या कारखान्याचा एक नियम होता, आणि तो बाबांच्या वडिलांच्या काळापासून चालत आला होता. पुस्तक एका हाताने बांधले जात नाही. एक जण छापील ताव दुमडून फर्मे करतो, दुसरा ते क्रमाने जुळवितो, तिसरा शिवतो, चौथा कण्याला सरस लावतो, पाचवा पुठ्ठा चढवितो. कोणाच्या तरी हातून चूक होणारच. ती मोठ्याने सांगितली की चुकणाऱ्याला राग येतो, रागाने हात थरथरतो, आणि थरथरत्या हाताने दुसरी चूक होते. म्हणून मागच्या हाताची चूक पुढच्या हाताने न बोलता सुधारावी, आणि काम पुढे द्यावे. या एका नियमावर या घराण्याने आपली कीर्ती उभी केली होती, आणि पाहता पाहता तो नियम जिना चढून घरात आला होता. आईच्या हातून आमटीत मीठ राहिले तर ताटावर बसलेला माणूस मुकाट्याने मीठ घेई. अक्काचे ठरलेले लग्न मोडले तेव्हा पत्रिका रातोरात कापणीच्या यंत्राखाली गेल्या आणि त्याविषयी पुन्हा कोणी अक्षर काढले नाही. मौनाची थोरवी पूर्वसूरींनी पुष्कळ गायिली आहे, आणि ती खोटी नाही. पण मौन हे औषधासारखे असते. मात्रा चुकली तर तेच विष होते, आणि ती चुकली आहे हे देणाऱ्याला सर्वांत शेवटी कळते.

"त्यांचा हात चालत नाही," सून म्हणाली.

ती फडके हातात धरून उठली होती. शाळेत मुलांना शिकविणारी ही बाई या खोलीत सासऱ्यांसमोर कधी आवाज चढवीत नसे. आताही तिने तो चढविला नव्हता.

भाऊ वळला. "तू मध्ये नको बोलूस."

"मध्ये नाही बोलत. तुमच्याच बाजूनं इतके दिवस गप्प राहिले. आता तुम्हीच सांगा त्यांना, पहाटे उठून तुम्ही कुठे जाता ते. का मी सांगू?"

अक्काने भावाकडे पाहिले. तिला वाटले, कुठली तरी बाई, कुठले तरी व्यसन. इतक्या वर्षांच्या रात्रपाळ्यांनी माणसाविषयी वाईटच आधी सुचावे अशी तिची बुद्धी झाली होती. पण भाऊ भिंतीला पाठ लावून खाली बसला, आणि त्याने जे सांगितले ते त्याहून फार साधे होते.

बाबा संध्याकाळी वर बसून शिवीत, आणि शिवलेले गठ्ठे टेबलावर ठेवून निजत. गेल्या हिवाळ्यात भाऊला एका पुस्तकात फर्मा उलटा सापडला. मग एकात दोन फर्मे नव्हतेच. मग एक पुस्तक असे निघाले की त्याच्या पोटात दुसऱ्याच पुस्तकाची पाने होती. तेव्हापासून तो रोज बाबा उठण्यापूर्वी आपल्या किल्लीने दार उघडून आत येई, गठ्ठे खाली नेई, टाके कापून सगळे पुन्हा शिवी, आणि उजाडता उजाडता ते परत टेबलावर आणून ठेवी. बाबांचा टाका कसा पडतो ते त्याला ठाऊक होते. तो तसाच टाका घाली. चहा झाला की बाबा एकेक पुस्तक उघडून पाहत. पाने बरोबर असत. ते काही बोलत नसत.

"आणि तू मला सांगितलं नाहीस," अक्का म्हणाली.

"तू सांगितलंस मला? तू काय काय केलंस ते?"

तो नुसता अंधारात दगड मारीत होता. पण दगड लागला. अक्का दर सुट्टीला येऊन बाबांच्या गोळ्यांची डबी भरीत असे. कप्प्यांत कधी गोळ्या तशाच राहिलेल्या असत, कधी दोन दिवसांच्या एकदम संपलेल्या असत. ती उरलेल्या गोळ्या पर्समध्ये टाकी, रिकाम्या जागी नव्या भरी, आणि डबी अशी ठेवी की पाहणाऱ्याला सगळे वेळच्या वेळी चालले आहे असेच वाटावे. रुग्णालयात रोज कोणा ना कोणाच्या मुलांना ती सांगत असे: वडिलांच्या औषधांवर लक्ष ठेवा, स्वयंपाकघरात डोकावा, न उघडलेले डबे बघा, ही लक्षणं आहेत, उशीर करू नका. हे सांगताना तिचा स्वर किती खात्रीचा असे. आणि इथे येऊन ती डबी भरून, बाबांच्या पाया पडून, खाली उतरत असे.

तिने हे सगळे नाही सांगितले. तिने एवढेच म्हटले, "गोळ्यांचं मी लपवलं."

सुनेचे सांगणे सर्वांत लांबले, कारण तिचे सर्वांत जास्त होते. दुपारी ती जेवणाचा डबा आणी तेव्हा आदल्या दिवसाचा डबा न उघडता तसाच असे; ती तो गुपचूप रिकामा करून घासून ठेवी. नळ वाहत असे, तो बंद करी. ओले कपडे कपाटात घडी करून ठेवलेले असत, ते वाळत घाली. एकदा बाबा पायांत दोन निराळ्या चपला घालून खाली कामगारांत आले होते. ते पुठ्ठे बघत असताना तिने एक चप्पल वरून आणून त्यांच्या पायाशी सरकविली, आणि ते बोलता बोलता ती बदलून घालून मोकळे झाले.

"म्हणजे सगळ्यांनाच ठाऊक होतं," आत्या म्हणाली.

"तुम्हाला नव्हतं?" अक्काने विचारले.

आत्याने पदराने नाक पुसले. दादाचा फोन येत असे, ती म्हणाली. गुडघा कसा आहे म्हणून विचारी. ठेवला की थोड्या वेळाने पुन्हा येई, गुडघा कसा आहे. पुन्हा येई. दर वेळी ती नव्याने सांगे. "मला वाटलं, एकट्या माणसाला बोलायला हवं असेल. वाटलं म्हणजे, वाटून घेतलं." मग थोडे थांबून, "गुडघ्याचं इतकं कौतुक आमच्या नवऱ्यानं कधी केलं नाही," असे म्हणून ती हसू लागली, आणि हसता हसता तिचा चेहरा वेडावाकडा झाला.

प्रत्येकाला आपल्या हातची चूक तेवढी माहीत होती आणि ती लहान होती. चौघांच्या चुका शेजारी शेजारी मांडल्यावर त्यांतून जो माणूस उभा राहिला, त्याला त्या खोलीत एकटे ठेवणे कोणाही शहाण्याला शक्य नव्हते. भाऊने आपली बाजू सोडली. "ने त्यांना," तो बहिणीला म्हणाला. आणि नेमकी त्याच क्षणी अक्काची खात्री डळमळली. ती म्हणाली की तिच्या घरात त्यांना मोरीचे दारसुद्धा सापडणार नाही, इथे निदान पाय आपोआप वळतात. सून म्हणाली, इथे ठेवायचे तर माणूस हवे, आणि ते माणूस म्हणून सगळे तिच्याकडे पाहणार असतील तर आत्ताच सांगते, एकटीने होणार नाही. भाऊ म्हणाला, तुला कोण एकटीने कर म्हणाले. ती म्हणाली, आजवर तरी कोण दुसरे करीत होते.

"चूक एवढीच नाही," बाबा म्हणाले.

ते आतल्या दारात उभे होते. किती वेळ, कोणाला कळले नव्हते. केस विस्कटलेले, एका बाजूची भुवई धगीने झडलेली. आयुष्यभर सगळे ज्यांच्यासमोर उठून उभे राहिले, ते आज चौकटीला धरून उभे होते, आणि तरीही खोलीतले सगळे उठले. आत्यासुद्धा.

"बसा," ते म्हणाले, आणि स्वतः आत्याने मोकळ्या केलेल्या खुर्चीत बसले. "भाऊ. गठ्ठे तू शिवायचास?"

"हो, बाबा."

"रोज?"

"रोज."

बाबांनी मान हलविली. ते सावकाश बोलू लागले. शब्द सापडत नसे तेव्हा थांबत, आणि तो सापडेपर्यंत कोणाला तो पुरवू देत नसत. रात्री अंथरुणावर पडले की त्यांना कळत असे. आज तिसरा फर्मा उलटा गेला, असे त्यांना स्वच्छ दिसे. उठून बघावे असे वाटे, पण अंग साथ देत नसे. सकाळी पाहत, तर फर्मा सुलटा. त्यांना आठवे की आज जेवलो नाही. पाहत, तर डबा घासून पालथा घातलेला. गोळी घेतली नाही असे वाटे. पाहत, तर कप्पा रिकामा.

"मला जे आठवायचं, ते दर वेळी खोटं निघायचं," ते म्हणाले. "चूक झाली असं मला दिसायचं, आणि चूक नसायची. मग मी ठरवलं. हात ठीक आहेत, डोकं बिघडलंय. डोक्यात येईल त्यावर विश्वास ठेवायचा नाही. गप्प बसून राहायचं. सकाळी सगळं बरोबरच असतं."

भाऊला कुलूपवाल्याचे वाक्य आठवले.

"आज सरस लागला. वास आला मला. ज्वाळा दिसली." बाबा कोळसा झालेल्या फळीकडे पाहत होते. "म्हटलं, नसेल. नेहमीसारखंच असेल. थोडं थांबलं की जाईल."

कोणी हुंदका दिला नाही. हुंदका द्यायलाही काही अधिकार लागतो. खालून, गल्लीतून, कोणाची तरी सायकल घंटी वाजवीत गेली.

"नियम माझ्या वडिलांचा," बाबा म्हणाले. "तुम्ही पाळलात. तुम्हाला बोल लावत नाही. पण वडिलांनी तो कागदासाठी केला होता. कागदाला कळत नाही आपण उलटे लागलो ते. मला कळत होतं. तेवढंच शिल्लक होतं माझ्याकडे." मग सुनेकडे, मुलाकडे, मुलीकडे एकेक वेळ पाहून: "मला इथे ठेवायचं की न्यायचं, ते तुम्ही ठरवा. मला आता ठरवता येईल असं वाटत नाही. पण आधी सगळं सांगा. माझ्या तोंडावर सांगा."

आणि मग चौघांनी सांगितले. भाऊने उलटी पुस्तके सांगितली, अक्काने गोळ्या सांगितल्या, सुनेने डबे सांगितले, आत्याने गुडघा सांगितला. पहिल्या पहिल्या शब्दांना त्यांच्या जिभा धजत नव्हत्या. जन्मात ज्यांना कोणी चूक दाखविली नाही त्यांना ती दाखविणे म्हणजे देवघरात पायताण घालून जाण्यासारखे त्यांना वाटत होते. बाबा नव्या कामगारासारखे ऐकत होते. एखाद्या गोष्टीवर "हे मला आठवतं" म्हणत, आणि तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जवळजवळ आनंद दिसे. एखाद्या गोष्टीवर नुसते "बरं" म्हणत. तेव्हा सगळ्यांना कळे की हे त्यांना आठवत नाही.

ठरायचे ते ऊन उतरेपर्यंत ठरले, आणि ठरविताना कोणी कोणाच्या बाजूचे उरले नव्हते. बाबा इथेच राहतील. शेगडी खाली कारखान्यात जाईल. भाऊ आणि सून आपले बिऱ्हाड या खोल्यांत हलवितील. सून शाळेत असेल तेव्हा अक्काच्या ओळखीचा, म्हाताऱ्या माणसांची सवय असलेला एक परिचारक दिवसभर येईल. सुट्टीचे दिवस अक्काचे. आत्या म्हणाली, मीही येत जाईन, माझ्याच्याने जिना होत नाही पण टोमणे बसून मारता येतात. शिलाई बाबा करतील, भाऊच्या शेजारी बसून, उजेडात. आणि फर्मा उलटा गेला तर भाऊ तिथल्या तिथे सांगेल.

"सूनबाई," बाबा म्हणाले, "तू काहीतरी राखून ठेवलं आहेस."

ती त्यांच्याकडे वळली.

एका दुपारी, ती म्हणाली, ती स्वयंपाकघरात डबा लावीत होती. बाहेरून बाबांनी हाक मारली होती. तिला नव्हे, आईंना. दोऱ्याला मेण लावून ठेवलंस का गं, असे विचारले होते. तिला काय बोलावे ते सुचले नाही, आणि ते पुन्हा विचारू लागले, आवाजात भीती येऊ लागली. तेव्हा ती आतूनच म्हणाली, "हो, लावलंय." त्यानंतर ते बरेचदा विचारीत. आता तिला सासूबाईंसारखे उत्तर देता येऊ लागले होते. शेवटचा शब्द त्या कशा ओढीत असत, तेसुद्धा.

भाऊने बायकोकडे असे पाहिले की जणू ती त्याला नव्यानेच भेटत होती.

"आणि मी काय म्हणायचो?" बाबांनी विचारले.

"काही नाही. शांत व्हायचात. पुन्हा शिवायला लागायचात."

बाबांनी आपले तळहात उलटसुलट करून पाहिले. "पुढच्या वेळी तसं करू नकोस," ते म्हणाले. "सांग मला. ती नाही म्हणून सांग."

"बाबा, तुम्हाला ते नव्यानं कळेल," अक्का म्हणाली. तिने वॉर्डात हे पाहिले होते. "पहिल्यांदाच ऐकल्यासारखं. आणि पुन्हा विसराल, आणि पुन्हा कळेल. ते फार वाईट असतं."

"ठाऊक आहे."

"दर वेळी सांगू?" सुनेने विचारले.

"दर वेळी."

आत्या उठून खिडक्या लावू लागली. गारवा आत येत होता. भाऊ शेगडी उचलून जिन्याकडे निघाला. अक्काने आतून शाल आणून वडिलांच्या खांद्यांवर घातली. खोलीला पुन्हा खोलीचे रूप येऊ लागले, आणि बाबांनी खुर्चीत मागे टेकून भोवती एकवार नजर फिरविली: मुलगी, मुलगा, बहीण, सून. मग त्यांची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली आणि तिथेच थांबली.

"सगळे बसलात," ते म्हणाले. "ती कुठे आहे? तिलाही बोलवा ना."

भाऊ जिन्याच्या पहिल्या पायरीवर शेगडी धरून थांबला. अक्का नजर चुकवून शालीची टोके सारखी करू लागली. आत्याचा हात खिडकीच्या कडीवर तसाच राहिला. कोणीतरी, कोणीही, आतून एका शब्दाने उत्तर दिले असते तर सगळे पूर्वीसारखे पुढे गेले असते.

सून बाबांच्या खुर्चीसमोर फरशीवर बसली, त्यांचे दोन्ही हात तिने आपल्या हातांत घेतले, आणि तिने सांगितले.